‘आशिया-पॅसिफिक आघाडीवर राहील’ : लिथोग्राफीचे बाजार-अहवाल वाचताना

पीएचडीला अर्ज करणाऱ्यांचे आराखडे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. विषय सेमीकंडक्टर, तंत्रज्ञान-धोरण किंवा उद्योगाचं अर्थशास्त्र यांपैकी काही असला, की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ठरलेलं वाक्य येतंच. लिथोग्राफी उपकरणांची जागतिक बाजारपेठ अमुक अब्ज डॉलरची आहे, ती तमुक टक्के सीएजीआरने वाढणार आहे, आणि आशिया-पॅसिफिक विभाग आघाडीवर राहील. खाली एखाद्या मार्केट रिसर्च कंपनीच्या वेबपानाचा संदर्भ. लिहिणाऱ्याने पूर्ण अहवाल वाचलेला नसतो, कारण त्याची किंमत काही हजार डॉलर असते. वाचलेला असतो तो फुकट मिळणारा नमुना किंवा नुसती जाहिरातीची प्रेस नोट.

आजची पोस्ट या अहवालांवर टीका करणारी आहे. कुठल्या एका अहवालावर नाही, कारण एकाचं मुखपृष्ठ काढून दुसऱ्याला लावलं तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. साच्याचंच परीक्षण करूया. आणि त्यासाठी बाजूला खरे आकडे ठेवूया, म्हणजे नेदरलँड्समधल्या एएसएमएल या कंपनीचे. ते कंपनीच्या तिमाही निवेदनांत आणि वार्षिक अहवालांत फुकट मिळतात, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, प्रकाशाला संवेदनशील असा थर देतात आणि मास्कवरची नक्षी भिंगांतून किंवा आरशांतून त्यावर लहान करून उमटवतात. हे काम करणारं यंत्र म्हणजे लिथोग्राफी यंत्र. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितकी नक्षी बारीक. ३६५ नॅनोमीटरची आय-लाइन, मग २४८, मग १९३, मग १९३ च्याच प्रकाशात भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाण्याचा थर ठेवणारी इमर्शन यंत्रं. या अतिनील प्रकाशाच्या २४८ आणि १९३ वाल्या कुटुंबाला डीयूव्ही म्हणतात. शेवटी १३.५ नॅनोमीटरची ईयूव्ही, ती जगात फक्त एएसएमएल बनवते. इमर्शन यंत्रं एएसएमएल आणि जपानची निकॉन बनवतात. कॅनन आय-लाइन आणि २४८ मध्ये आहे, शिवाय २०२३ पासून तिने नॅनोइम्प्रिंटचं, म्हणजे नक्षी ठसा मारल्यासारखी दाबून उमटवण्याचं, यंत्र बाजारात आणलंय. चीनमध्ये शांघायची एसएमईई आहे. बाजारपेठ म्हणायची ती एवढीच. विकणारे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि महागडी यंत्रं घेणारेही फार नाहीत.

आता अहवालाकडे वळू. त्यात सगळ्यात ठळक छापलेली गोष्ट म्हणजे सीएजीआर, चक्रवाढ वार्षिक वाढदर. पहिलं वर्ष घ्या, शेवटचं घ्या, मधली वर्षं फेकून द्या, आणि दोन टोकांना जोडणारा एकच गुळगुळीत दर काढा. हिशोब म्हणून यात चूक काहीच नाही. पण जे मोजायचंय ते गुळगुळीत आहे का?

एएसएमएलची एकूण विक्री पाहा. २०१८ मध्ये १०.९ अब्ज युरो, २०१९ मध्ये ११.८, २०२० मध्ये १४, २०२१ मध्ये १८.६, २०२२ मध्ये २१.२, २०२३ मध्ये २७.६, २०२४ मध्ये २८.३. यातून २०१८ ते २०२४ चा दर काढला तर साधारण १७ टक्के येतो. २०१९ ते २०२३ घेतलं तर २४ च्या आसपास. २०२१ ते २०२४ घेतलं तर १५. नुसतं २०२२ ते २०२३ पाहिलं तर ३० टक्के, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी जेमतेम अडीच. कंपनी तीच आणि आकडेही तेच. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष कुठलं धरायचं एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेवढ्यावर दर १५ होतो की २४ हे ठरतं.

म्हणून तुमच्या आराखड्यात सीएजीआर लिहायचाच असेल तर कुठल्या वर्षापासून आणि ते वर्ष का, हे लिहा. ‘का’चं उत्तर देता येत नसेल तर आकडा काढून टाका. परीक्षकाने विचारल्यावर घाम फुटण्यापेक्षा ते बरं.

भविष्याच्या आकड्याचं तर विचारूच नका. अहवालांत पुढच्या सात-आठ-दहा वर्षांचा दर दशांश चिन्हासकट दिलेला असतो. आता खुद्द एएसएमएल काय म्हणते ते पाहा. २०३० मध्ये आपली विक्री ४४ ते ६० अब्ज युरोच्या दरम्यान असेल, असं तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. २०२४ चा आकडा पाया धरला तर हे वर्षाला साडेसात टक्क्यांपासून तेरा-साडेतेरा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. ज्यांच्या टेबलावर ऑर्डरवही आहे, ज्यांच्याशी गिऱ्हाईक पुढच्या पाच-सात वर्षांचे बेत बोलतं, ते लोक एवढं रुंद माप देतात. आणि बाहेर बसलेला अहवालवाला दशांशाच्या पहिल्या स्थानापर्यंत खात्री देतो! एकाच आकड्याचा हा आत्मविश्वास नेमका येतो कुठून, हे पद्धतीच्या प्रकरणात शोधायला जा. तिथे ‘प्राथमिक व दुय्यम स्रोतांची सांगड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि एक बाणांची आकृती असते. मुलाखती किती, कोणाच्या, कधी, काहीच नाही. सांगड घातली म्हणजे नेमकं काय केलं, हेही नाही.

वाढ कशाची, हा त्याहून खालचा प्रश्न. २०२४ मध्ये एएसएमएलची विक्री २७.६ वरून २८.३ अब्जांवर गेली, म्हणजे वाढली. पण ही बेरीज फोडा. नव्या-जुन्या यंत्रांची विक्री २०२३ मध्ये २१.९ अब्ज होती, २०२४ मध्ये २१.८. म्हणजे तिथे वाढ नाहीच, उलट किंचित घट. वाढलं काय, तर गिऱ्हाइकांकडे आधीच बसवलेल्या यंत्रांची देखभाल आणि सुधारणा. ते उत्पन्न ५.६ वरून ६.५ अब्जांवर गेलं. ‘लिथोग्राफी उपकरणांची मागणी वाढली’ आणि ‘कारखान्यांनी आहेत ती यंत्रं जास्त राबवली, सुधारून घेतली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी. अहवालातल्या ‘बाजारपेठेच्या आकारा’त सेवा धरली आहे की नाही, हे बहुतेक वेळा कळतच नाही. दोन अहवालांत एकाच वर्षाचा आकार इतका वेगळा का, याचं एक कारण हे. युरोचे डॉलर करताना कुठला दर लावला हे दुसरं. जुन्या यंत्रांचा व्यापार, चिपच्या पॅकेजिंगला लागणारी यंत्रं, तपासणीची उपकरणं यांपैकी काय आत आणि काय बाहेर, हे तिसरं.

नगांवर मोजावं म्हटलं तरी सुटका नाही. एएसएमएलने २०२४ मध्ये नवी ३८० आणि जुनी ३८ अशी ४१८ लिथोग्राफी यंत्रं विकली. त्यांत ईयूव्ही ४४. नगांत पाहिलं तर दहातलं एक. पण या ४४ यंत्रांचे पैसे ८.३ अब्ज युरो, यंत्रविक्रीच्या ३८ टक्के. म्हणून ‘बाजारातला वाटा’ असं कुठे वाचलं की आधी विचारायचं, नगांचा की पैशांचा? कॅनन नगांच्या तक्त्यात चांगली भरीव दिसते, पैशांच्या तक्त्यात लहान होते. दोन्ही तक्ते खरे आहेत. आणि ‘विकलं’ कधी धरायचं हासुद्धा प्रश्न आहे. एएसएमएल घाईच्या काळात काही यंत्रं आपल्या कारखान्यातली शेवटची चाचणी न घेता पाठवते, चाचणी गिऱ्हाइकाकडे होते, आणि विक्री मंजुरी मिळाल्यावर खात्यात येते. २०२२ मध्ये विक्रीत धरलेली ईयूव्ही यंत्रं ४० होती, पाठवलेली त्याहून जास्त. त्यामुळे २०२३ ची झेप थोडी हिशोबाच्या तारखांचीही आहे.

आता मुख्य मुद्दा, प्रदेशांचा. अहवालात जगाचा नकाशा असतो, त्यावर रंगीत वर्तुळं असतात आणि ‘प्रादेशिक विश्लेषण’ नावाचं प्रकरण असतं. आशिया-पॅसिफिक आघाडीवर, उत्तर अमेरिका वेगाने वाढणारी, युरोप स्थिर. हे साबणाच्या किंवा मोबाइलच्या बाजाराला लागू पडेल, कारण तिथे एका प्रदेशात कोट्यवधी गिऱ्हाइकं असतात आणि त्यांच्या आवडीनिवडीची सरासरी निघते. लिथोग्राफीत ‘तैवान’ म्हणजे बहुतांशी टीएसएमसी. ‘दक्षिण कोरिया’ म्हणजे सॅमसंग आणि एसके हायनिक्स. त्यांतल्या एका संचालक मंडळाने एक कारखाना सहा महिने पुढे ढकलला की ‘प्रदेशा’ची टक्केवारी हलते. ही प्रादेशिक मागणी नव्हे, दोन-तीन कंपन्यांचं भांडवली खर्चाचं वेळापत्रक आहे.

दुसरं असं की हा प्रदेश म्हणजे यंत्र जिथे उतरलं तो पत्ता. एएसएमएलच्या तक्त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. टीएसएमसीने ॲरिझोनासाठी यंत्र घेतलं तर ते अमेरिकेत मोजलं जातं. सॅमसंगचा शीआनचा आणि एसके हायनिक्सचा वूशीचा कारखाना चीनमध्ये आहे, तिथे गेलेलं यंत्र चीनच्या खात्यात. इंटेलने आयर्लंडला नेलं तर युरोपच्या. म्हणून ‘चीनने इतकी यंत्रं घेतली’ आणि ‘चिनी कंपन्यांनी इतकी घेतली’ ही दोन विधानं एक नाहीत. आराखड्यांत ही गल्लत मला सारखी दिसते. मुलं हुशार असतात, पण तक्त्याची तळटीप कोणी वाचत नाही.

चीनचंच उदाहरण जरा खोलात घेऊ, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा २०२२ मध्ये १४ टक्के, २०२३ मध्ये २९, २०२४ मध्ये ४१. (कुठे ३६ टक्के वाचलं तर गोंधळू नका. तो एकूण विक्रीतला वाटा आहे, सेवा धरून. भाजक बदलला की टक्के बदलतात.) आता याच काळात काय चाललं होतं? ईयूव्ही यंत्रं चीनला देण्याचा परवाना डच सरकारने २०१९ पासून दिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने मोठे निर्बंध आणले. जपानचे नियम जुलै २०२३ मध्ये लागू झाले. नेदरलँड्सने प्रगत इमर्शन यंत्रांना सप्टेंबर २०२३ पासून परवाना लागू केला. म्हणजे निर्बंध वाढत गेले आणि चीनचा वाटा तिप्पट झाला.

यावरून एक जण लिहितो, निर्बंध फसले. दुसरा लिहितो, चीन निर्बंधांच्या भीतीने साठा करतोय, म्हणजे निर्बंधांचा धाक चालतोय. दोघांच्या हातात आकडा एकच. आणि बाजार-अहवालवाला तिसरंच लिहितो, ‘चीनमधली वाढती इलेक्ट्रॉनिक्स मागणी’. तिघांनाही थोडं थांबवू.

आधी टक्क्यांचे पैसे करा. २०२२ मध्ये यंत्रविक्री १५.४ अब्ज, त्यातले चीनचे सुमारे २.२. २०२३ मध्ये २१.९ पैकी सुमारे ६.४. २०२४ मध्ये २१.८ पैकी सुमारे ८.९. मग उरलेल्या जगाचं काय? १३.२, मग १५.५, मग १२.९. म्हणजे २०२४ मध्ये चीनबाहेरची यंत्रविक्री एका वर्षात सहा-सातपैकी एका हिश्शाने घटली! वाटा वाढण्याचं अर्धं कारण वर आहे, अर्धं खाली. ‘चीन वाढला’ एवढंच लिहिणारा माणूस बाकीचे मागे सरले हे विसरतो.

आता मला सगळ्यात उपयोगी वाटणारी पायरी. अहवालांत एक तक्ता तंत्रानुसार असतो आणि एक प्रदेशानुसार. दोन वेगळ्या पानांवर, जणू त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. पण आपल्याला एक पक्की गोष्ट ठाऊक आहे. चीनमध्ये ईयूव्ही जात नाही, परदेशी कंपन्यांच्या तिथल्या कारखान्यांतही नाही. मग चीनची सगळी खरेदी ईयूव्ही वगळून उरलेल्या भागातली. तो भाग काढता येतो. ईयूव्हीचे पैसे २०२२ मध्ये ७ अब्ज, २०२३ मध्ये ९.१, २०२४ मध्ये ८.३. यंत्रविक्रीतून ते वजा केले तर उरतात ८.४, १२.८ आणि १३.५ अब्ज. त्यात चीनचा वाटा? २०२२ मध्ये साधारण पाव, २०२३ मध्ये निम्मा, २०२४ मध्ये दोन-तृतीयांश.

हे पुन्हा एकदा वाचा. २०२४ मध्ये एएसएमएलने ईयूव्ही सोडून जे जे काही विकलं, त्यातल्या दर तीन युरोंपैकी दोन चीनच्या पत्त्यावरून आले. ४१ टक्क्यांच्या आकड्यातून हे कधीच दिसलं नसतं. याला कुठलाही विकतचा अहवाल लागला नाही, वजाबाकी आणि भागाकार लागला. आणि यातून प्रश्नाचं रूपच बदलतं. ‘प्रदेशा’ची गोष्ट राहत नाही, एकाच कंपनीच्या पोटात दोन वेगळे बाजार झाल्याचं दिसतं. एकात मोजकी गिऱ्हाइकं ईयूव्ही घेतात. दुसऱ्यात चीन हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे आणि त्याच्यावर परवान्याची टांगती तलवार आहे.

मग वाटा वाढला का? इथे तिमाहीचे आकडे लागतात, वर्षाचे पुरत नाहीत. २०२३ च्या चार तिमाहींत चीनचा वाटा ८, २४, ४६, ३९ टक्के. २०२४ मध्ये ४९, ४९, ४७ आणि शेवटच्या तिमाहीत एकदम २७. साठ्याचा सिद्धांत मांडणारा म्हणेल, बघा, नियम येण्याच्या आसपास उसळी. पण कंपनीचे अर्थप्रमुख रॉजर डासेन यांनी वेगळं कारण दिलं होतं. आधीच्या दोन वर्षांत मागणी इतकी होती की चिनी गिऱ्हाइकांच्या ऑर्डरींपैकी निम्म्याहून कमीच पुऱ्या झाल्या होत्या. २०२३ मध्ये इतरांनी यंत्रं पुढे ढकलली, रांगेत जागा मोकळी झाली, आणि थकलेल्या चिनी ऑर्डरी पुढे सरकल्या. हे खरं असेल तर त्या वर्षीच्या विक्रीतला बराचसा भाग म्हणजे जुन्या मागणीची उशिरा झालेली पूर्तता. त्या वर्षीच्या नियमांशी तिचा संबंध जोडायचा असेल तर जपून.

अर्थात कंपनीच्या अधिकाऱ्याचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. निर्बंध आणू पाहणाऱ्या सरकारांच्या डोळ्यांसमोर ‘साठा चाललाय’ असं कुठली कंपनी म्हणेल? तर मग तपासायचं कसं? एक वाट अशी : परवाना लागला तो प्रगत इमर्शन यंत्रांना, कोरड्या डीयूव्हीला नाही. फक्त साठ्याची घाई असती तर उसळी मुख्यतः इमर्शनमध्ये दिसायला हवी. दर तिमाहीला तंत्रानुसार नग जाहीर होतात, तेव्हा निदान सुरुवात करता येते. दुसरी वाट, ही उसळी फक्त लिथोग्राफीत आहे का? सेमी या उद्योगसंघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये जगभरात सगळ्या प्रकारची मिळून ११७.१ अब्ज डॉलरची चिप-उपकरणं विकली गेली. त्यात चीनचे ४९.६ अब्ज, म्हणजे ४२ टक्के. लिथोग्राफीतल्या ४१ च्या अगदी शेजारी. मग डच परवान्यावर सगळं स्पष्टीकरण टांगणं अवघड होतं. सगळ्याच प्रकारच्या यंत्रांची खरेदी चाललेली दिसते, आणि ‘लिथोग्राफीची प्रादेशिक रणनीती’ हे शीर्षकच जरा पोकळ वाटायला लागतं.

अंदाजांचं काय होतं तेही सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एएसएमएलचे तिमाही आकडे चुकून एक दिवस आधी बाहेर पडले. नव्या ऑर्डरी फक्त २.६ अब्ज युरोच्या, विश्लेषकांच्या अपेक्षेच्या निम्म्या, आणि शेअर एका दिवसात १६ टक्के पडला. २०२५ साठी ३० ते ४० अब्जांचा अंदाज ३० ते ३५ वर आणला गेला. चीनचा वाटा २०२५ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास येईल असंही सांगितलं गेलं. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत तो ४२ टक्के होता. एका वर्षाचा, आणि तोही ऑर्डरवही हातात असताना. दहा वर्षांचे रंगीत नकाशे विकणाऱ्यांबद्दल याहून वेगळं काही लिहायची गरज नाही.

‘विक्री-रणनीती’ हा शब्दही मला खटकतो. अहवालांत तो असा वापरतात की जणू विक्री अधिकारी प्रदेश वाटून घेऊन फिरतात. इथली खरी रणनीती नकाशावर दिसत नाही. २०१२ मध्ये एएसएमएलने आपल्या तीन बड्या गिऱ्हाइकांना, इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंगला, मिळून २३ टक्के भागीदारी दिली आणि पुढच्या यंत्रांच्या संशोधनासाठी त्यांच्याकडून १.३८ अब्ज युरो घेतले. गिऱ्हाइकाने यंत्र बनण्याआधीच त्याच्या संशोधनाला पैसे दिले, याला विक्री म्हणायचं की आणखी काही? तैवानच्या ताइनानमध्ये प्रशिक्षण केंद्र आहे, कोरियात ह्वासंगला सॅमसंगच्या शेजारी दुरुस्तीचं संकुल. यंत्र बंद पडलं तर तासाला किती नुकसान होतं यावर ही ठिकाणं ठरतात.

आणि मागे गेलं तर आणखी मजा आहे. १९७८ मध्ये पहिलं व्यापारी स्टेपर यंत्र आणलं अमेरिकेच्या जीसीएने. दहा वर्षांत निकॉन आणि कॅनन पुढे गेल्या. एएसएमएल १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांनी मिळून काढली, तेव्हा तिला कोणी गंभीरपणे घेत नव्हतं. १९८५ सालचा एखादा बाजार-अहवाल असता तर त्यात तिचं नाव ‘इतर’ या रकान्यात गेलं असतं. बाजू पालटण्याचं कारण प्रदेश नव्हता. ते शोधायला संशोधनच लागलं. रिबेका हेंडरसन आणि किम क्लार्क यांचा १९९० चा ‘आर्किटेक्चरल इनोव्हेशन’ हा लेख तुम्ही व्यवस्थापनशास्त्रात वाचला असेल किंवा वाचाल. त्याचा सगळा पुरावा याच लिथोग्राफी यंत्रांच्या उद्योगातला आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रत्येक पिढीत सुटे भाग जवळपास तेच, पण त्यांची जोडणी बदलली, आणि आधीच्या पिढीतली अव्वल कंपनी दर वेळी नेमकी तिथेच अडखळली. हिरोयुकी चुमा यांचा ‘रिसर्च पॉलिसी’तला २००६ चा लेख पुढचा प्रश्न घेतो. यंत्रं अतोनात गुंतागुंतीची झाल्यावर सगळं घरातच बनवणाऱ्या जपानी कंपन्या मागे का पडल्या, आणि भिंगं झाइसकडून घेणारी, जुळवाजुळव करणारी एएसएमएल पुढे का गेली? दोन्ही लेखांत बाजारातले वाटे येतात. पण ते तिथे कोड्याच्या जागी असतात, उत्तराच्या जागी नाही. आराखडा लिहिताना तुमचा आकडा या दोनपैकी कुठल्या जागी बसलाय ते बघा.

बाजार-अहवाल अगदीच टाकाऊ आहेत असं नाही म्हणत मी. विषय नवीन असताना कंपन्यांची नावं, यंत्रांचे प्रकार, नियमांच्या तारखा एका जागी मिळतात. विकिपीडियासारखे वाचा आणि मूळ स्रोताकडे जा. सेमीचे आकडे मात्र या पंक्तीत बसवू नका. ते उत्पादक कंपन्यांकडून गोळा होतात, व्याख्या दिलेल्या असतात, आणि मागच्या वर्षाचे असतात, पुढच्या दशकाचे नाही.

भारताबद्दल विचारणारे असतातच, म्हणून शेवटी तेवढं. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा धोलेरा कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला, ९१ हजार कोटींचा, २८ नॅनोमीटरपर्यंत. त्याला ईयूव्ही लागत नाही, डीयूव्ही लागेल, म्हणजे वर पाहिलं त्या दुसऱ्या बाजारात भारत चीनच्याच रांगेत उभा राहणार आहे. ही रांग लांबली की आखूड झाली, याचा धोलेऱ्याच्या वेळापत्रकाशी संबंध लागतो का, हा मला तरी प्रबंधाच्या एका प्रकरणाइतका प्रश्न वाटतो. तो विचारायचा तर जाहीर झालेले कारखाने आणि उभे राहिलेले कारखाने वेगळे मोजावे लागतील. तळेगावहून गुजरातला गेलेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडल्यावर विरलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प आपल्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहे. घोषणांची बेरीज करून ‘भारतातली मागणी’ काढणाऱ्याने तो कधी धरला आणि कधी वगळला, हे विचारून बघा. एएसएमएलच्या प्रदेशांच्या तक्त्यात जपान, कोरिया, तैवान, चीन, सिंगापूर यांच्या स्वतंत्र ओळी आहेत. भारताची अजून नाही. तिथे उतरणारं यंत्र सध्या ‘उर्वरित आशिया’ या ओळीत शोधावं लागेल.